शिल्लक शून्य

मोठेसाहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी काटेकोरांची वर्णी लागली, तर काटेकोरांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. पगारवाढ यात धरायची नाही. ती येते त्याच दाराने निघून जाते. धरायची ती उंच पाठीची खुर्ची. मग खिडकीची खोली, कारण काटेकोर इतकी वर्षं ज्या खोलीत बसत होते तिथे खिडकीच्या जागी एक कॅलेंडर होतं. खोलीला लागून स्वतंत्र स्वच्छतागृह, ज्याच्या दाराबाहेर कुणी "झालं का?" म्हणत ताटकळत नाही. गाडी, आणि तिचं दार उघडून धरणारा ड्रायव्हर. आणि या सगळ्याच्या वरताण म्हणजे, सासूबाईंकडे ताटं वाढून व्हायच्या आत, साडूंच्या देखत, "आता जरा जबाबदारी वाढलीये," हे वाक्य सहज म्हटल्यासारखं टाकून द्यायची मुभा.

साडूंचं असं होतं की प्रत्येक भेटीत त्यांच्याजवळ काहीतरी नवीन असायचं. एकदा बढती, एकदा गाडी, गेल्या खेपेला फ्लॅट. काटेकोरांकडे दर खेपेला तेच ते मायक्रोसेकंद. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि जास्तीची वाढणी मात्र साडूंच्या ताटात जायची.

नुकसानीच्या बाजूला काटेकोरांनी काहीच मांडलं नव्हतं. घोळ झाला तो तिथेच.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसने दिलेलं ते नाव घरापर्यंत पोचलं आणि शेवटी त्यांनाही आवडायला लागलं. मोबाइल कंपनीत ते टॉवरांना वेळ पुरवायचं काम करत. पाणीपुरवठा असतो तसा वेळपुरवठा. टॉवरला वेळ कशाला लागते असं कुणी विचारलं, की काटेकोर खुर्ची पुढे ओढत, आणि विचारणाऱ्याला आपण काय करून बसलो ते कळायचं.

गोष्ट तशी सोपी होती. एका भागातले सगळे टॉवर एकदम बोलतात आणि एकदम गप्प बसून लोकांच्या फोनचं ऐकतात. हे बोलणं-ऐकणं सेकंदाला शेकडो वेळा आलटून पालटून चालतं. त्यातला एखादा जरा पुढेमागे झाला आणि बाकीचे ऐकत असताना तोंड उघडून बसला, की शेजाऱ्यांना त्याच्या आवाजापुढे बिचाऱ्या फोनचा आवाज ऐकूच येत नाही, आणि शेजारी बोलायला लागले की याला ऐकू येत नाही. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, म्हणजे मायक्रोसेकंद, तर त्यातल्या दीड तुकड्याएवढी चूक माफ. त्यापुढे गोंधळ.

खरी वेळ उपग्रहांकडून केंद्रातल्या मोठ्या घड्याळात यायची आणि तिथून काचेच्या धाग्यांतून टॉवरांकडे जायची. आता, वेळ वाटेवर असतानासुद्धा वेळ जातोच. तो किती गेला हे टॉवरला कसं कळणार? त्यासाठी एक निरोप एका धाग्यातून जायचा, दुसरा शेजारच्या धाग्यातून परत यायचा, आणि जाण्यायेण्याला मिळून लागलेल्या वेळाचं निम्मं करायचं. ते निम्मं म्हणजे एका बाजूचं अंतर.

"जाणं तेवढंच येणं," काटेकोर एकदा जेवताना बायकोला म्हणाले. त्यांचा आवाज जरा भरून आला होता. "किती साधा विश्वास आहे बघ. सगळं शहर त्यावर उभं आहे."

"खोटं आहे ते," बायको म्हणाली. "माझ्या आईकडे जायला तुम्हाला दोन तास लागतात आणि यायला पाऊण. वाटेत पेट्रोल भरायचं, हवा बघायची, चप्पल दुरुस्त करून घ्यायची, सगळं जातानाच आठवतं. येताना सिग्नलसुद्धा तुम्हाला घाबरून हिरवा होतो."

"अगं, मी धाग्यांबद्दल बोलतोय."

"मी माणसाबद्दल बोलतेय. भाजी घ्या."

काटेकोरांनी भाजी घेतली आणि विषय सोडून दिला. आठवडाभराने तो विषय त्यांना सोडणार नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मोठ्यासाहेबांच्या जागेसाठी काटेकोरांचं नाव पुढे आलं ते मात्र वेळेमुळे नव्हे. वेळ चोख पोचते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. नाव पुढे आलं ते त्यांच्या परिपत्रकामुळे. काचेच्या धाग्याचं रीळ भांडारातून अख्खंच मिळायचं, एक किलोमीटरचं. कापून द्यायची पद्धत नव्हती. मिस्त्रींना लागायचा कुठे हातभर, कुठे दोन हात. उरलेली रिळं टॉवरांच्या खोल्यांत, जिन्याखाली, एकदा तर चहाच्या टपरीवर पातेल्याखाली सापडली. काटेकोरांनी पत्रक काढलं: ज्याचं रीळ उरेल त्याने ते स्वतः आणून काटेकोरांच्या हातात द्यावं आणि का उरलं ते समोर उभं राहून तोंडी समजावून सांगावं.

पहिला मिस्त्री आला तो सकाळी, आणि सुटला तो जेवणाची सुट्टी संपल्यावर. मधल्या वेळात त्याला नासाडी, शिस्त, राष्ट्राची संपत्ती आणि सेकंदाचे तुकडे एवढं सगळं ऐकावं लागलं. तो बाहेर येऊन बाकीच्यांशी काय बोलला ते कुणाला ठाऊक नाही, पण त्यानंतर शहरात एकाही मिस्त्रीचं रीळ उरलं नाही. प्रत्येक कामाच्या अहवालात तळाशी एकच ओळ: शिल्लक शून्य.

"कमाल आहे तुमची," मोठेसाहेब म्हणाले. "माणसांना नुसती शिस्त लावलीत."

काटेकोरांना ते पटलं. आपल्या कौतुकाच्या बाबतीत फेरतपासणी करायची त्यांना सवय नव्हती.

आणि मग साडूंचा फोन बिघडला.

साडूंचा नवा फ्लॅट शहराच्या टोकाला एका नव्या वसाहतीत होता, तिसऱ्या मजल्यावर. त्याच इमारतीच्या गच्चीवर कंपनीचा टॉवर. फ्लॅट घेताना साडूंनी ही गोष्ट फायद्यात धरली होती: डोक्यावरच टॉवर, म्हणजे रेंज काय विचारायलाच नको. आता त्यांचा फोन लागायचा, पण पलीकडच्याला त्यांचा आवाज नळाला हवा आल्यासारखा यायचा. "मी... फ... मंग... सांग..." एवढंच. वसाहतीत सगळ्यांचं तेच. आजूबाजूच्या दोनतीन वसाहतींतही कुरकुर सुरू झाली.

दुसरा एखादा ग्राहक असता तर त्याने कंपनीला फोन केला असता, फोन लागला नसता, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण साडू पडले घरचे. फोन लागत नाही ही तक्रार सांगायला ते रोज संध्याकाळी गाडी काढून जातीने यायला लागले. तक्रार दोन मिनिटांत संपायची. मग चहा व्हायचा. मग "निघतोच आता" व्हायचं. मग जेवण व्हायचं.

"नाही, मी आपलं कौतुकाने विचारतो," साडू पहिल्या दिवशी म्हणाले, "तुम्ही नक्की करता काय कंपनीत?"

"वेळ पुरवतो."

"मग आमच्याकडची संपली वाटतं!" साडू एवढे हसले की त्यांना शिंक आली. साडूंची शिंक ही चार घरांत ओळखीची गोष्ट होती. एखादं कपाट जिन्यावरून खाली आल्यासारखी ती यायची, आणि कधी एकटी येत नसे.

काटेकोरांनी केंद्रात जाऊन पाहिलं. केंद्रातल्या पडद्यावर त्या टॉवरपुढे चूक शून्य दिसत होती. टॉवरला विचारलं, तर टॉवर म्हणाला, माझी वेळ अगदी बरोबर आहे. म्हणजे दोष वेळेचा नव्हे. काटेकोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दोष दुसऱ्यांवर वाटायला सुरुवात केली. टॉवर उभारणाऱ्यांना थोडा दिला, वीजवाल्यांना थोडा, इमारतीच्या भिंतींना थोडा, आणि उरलेला साडूंच्या हँडसेटला.

"हा गेल्याच महिन्यात घेतलाय," साडू म्हणाले आणि किंमत सांगितली. ती काटेकोरांनी विचारली नव्हती.

इथपर्यंत हा घरगुती त्रास होता. शुक्रवारी मोठ्यासाहेबांनी काटेकोरांना खोलीत बोलावलं आणि तो नोकरीचा त्रास झाला. काटेकोर बसले ते खिडकीकडे बघत. कुठे काय ठेवायचं ते मनात ठरत होतं.

"मी रविवारी नव्या घरी राहायला जातोय," मोठेसाहेब म्हणाले आणि त्यांनी वसाहतीचं नाव सांगितलं. काटेकोरांची नजर खिडकीवरून घसरली. इमारतही तीच. मजला चौथा. "माझ्या जागी कोण, ते पत्र सोमवारी वर जायचंय. तुमचंच नाव डोक्यात आहे. पण तिथले लोक फोनच्या नावाने शंख करतायत म्हणे. तेव्हा रविवारी दुपारी मी तुम्हाला घरून फोन करतो. पाच मिनिटं नीट बोलणं झालं तर नाव त्याच फोनवर सांगतो. नाही झालं तर..."

"होईल, सर."

"तुमच्या तोंडात साखर पडो."

रविवारी सकाळी काटेकोर बायकोला घेऊन साडूंकडे निघाले. सोबत कंपनीचं एक मोजमापाचं यंत्र होतं, जे स्वतःच थेट उपग्रहांकडून वेळ घेतं आणि मग दुसऱ्याची तपासतं. वाटेत काटेकोरांनी पेट्रोल भरलं, हवा बघितली, आणि एका दुकानापुढे चप्पल चाचपून पाहिली. बायको खिडकीबाहेर बघत होती. 

काटेकोरांनी गच्चीवर यंत्र लावलं. टॉवरची वेळ चुकलेली होती. अडीच तुकडे. म्हणजे आठवडाभर टॉवर छातीठोकपणे खोटं बोलत होता, आणि खोटं बोलतोय हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. काटेकोर तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. घड्याळ नीट, धागे नीट, आकडे नीट, आणि उत्तर चूक. दुपारपर्यंत तीन तास.

ते जिना उतरून खाली आले तेव्हा दारात बायको आणि मेहुणी बोलत उभ्या होत्या.

"किती वाजता निघालात घरून?" मेहुणी विचारत होती. "मी आपली गेल्या खेपेच्या हिशेबाने वाट बघत होते. इथून घरी जायला तुम्हाला अर्धा तास लागला होता ना, म्हटलं यायलाही तेवढाच लागेल."

"यांच्या परत जाण्यावरून कधी येण्याचा अंदाज बांधू नकोस," बायको म्हणाली. "माझ्या माणसांकडे यायचं म्हटलं की यांचा रस्ता लांबतो."

काटेकोर शेवटच्या पायरीवर थांबले. एक पाय हवेत होता.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. चहा घेताय ना?"

"रस्ता लांबतो," काटेकोर म्हणाले. "एकाच बाजूचा!" आणि आलेल्या जिन्याने वर न जाता ते तसेच धडाधडा खाली निघाले.

"भाऊजींना झालं काय?" मेहुणीने विचारलं.

"मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बोलले आणि ते त्यांना ऐकू आलं," बायको म्हणाली. "सवय नाही गं त्यांना."

त्या टॉवरच्या धाग्यांचं काम हल्ली कुणी केलंय हे काटेकोरांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या अहवालावर त्यांनीच खुशीत सही केली होती. मिस्त्री पलीकडच्याच गल्लीत राहायचा. साठीकडे झुकलेला, शांत, आणि साहेब लोकांना घाबरून असण्यात हयात गेलेला माणूस. काटेकोरांनी त्याला रविवारच्या न्हाणीतून ओल्या डोक्याने बाहेर काढला आणि रस्त्याकडेच्या, धागे जोडायच्या पेटीपाशी नेला.

"इथे काय केलंस?"

"पेटीच्या दारात एक धागा चेंगरला होता, साहेब. जाणारा. येणारा चांगला होता. चेंगरलेला कापला, नवा जोडला."

"किती लागला?"

"हातभर."

"आणि रिळातला बाकीचा?"

मिस्त्रीने पेटी उघडली. आत, पॉलिथिनमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने चारी बाजूंनी बांधून, बाळ पाळण्यात ठेवावं तसं एक रीळ ठेवलेलं होतं. त्याचं एक टोक इकडे जोडलेलं, दुसरं तिकडे. केंद्रातून निघालेली वेळ या पेटीत यायची, रिळाच्या सगळ्या वेढ्यांतून एक किलोमीटर गरगर फिरायची आणि मग टॉवरकडे जायची. येताना मात्र सरळ यायची. टॉवर बिचारा दोन्हींची बेरीज करून निम्मं करत बसला होता.

"सगळं वापरलं, साहेब," मिस्त्री म्हणाला. "शिल्लक शून्य."

 काटेकोर जे ओरडायला लागले ते थांबेनात. ही काय धागा वापरायची रीत झाली? ही पेटी आहे की माळा? हे असलं इथे ठेवायला लाज कशी वाटली नाही? समोरच्या दुकानातून दोन माणसं बाहेर येऊन ऐकायला उभी राहिली. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. बोलता बोलता काटेकोर एकदम मध्येच थांबले, कारण त्यांना एक भयंकर गोष्ट सुचली होती. हे रीळ काढलं, की ते उरणार. जवळजवळ अख्खं. मग ते मिस्त्रीने आणून काटेकोरांना द्यायचं, का उरलं ते सांगायचं, आणि शून्याच्या जागी एक लिहायचा. पत्र वर जायच्या आदल्या दिवशी. आणि कुणी विचारलं की हे पेटीत का होतं, तर त्याचं उत्तर एकच होतं, आणि त्याखाली काटेकोरांची सही होती.

पण दुसरा एक उपाय होता. अगदी नियमात बसणारा. टॉवरला नुसतं सांगायचं की बाबा रे, इथे जाण्याची वाट येण्यापेक्षा लांब आहे, तेव्हा अडीच तुकड्यांची दुरुस्ती कर. लॅपटॉपवर एक आकडा. रीळ पेटीत, शून्य अहवालात, आणि काटेकोर खिडकीत.

वाक्य अर्धवट टाकून ते वळले आणि झपाझप निघून गेले.

मिस्त्री उघड्या पेटीपाशी उभा राहिला. साहेब ओरडून गेले म्हणजे काम सांगून गेले, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. काम काय ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ते ओरडण्यातच असतं. शोधून घ्यायचं असतं. तो जोडणीचं यंत्र आणायला घरी गेला.

इकडे काटेकोर साडूंच्या सोफ्यावर लॅपटॉप मांडून बसले. आकडा भरला. गच्चीवर जाऊन यंत्र पाहिलं: चूक शून्य, आणि या वेळी खरीखुरी शून्य. साडूंनी मेहुणीला आतल्या खोलीतून फोन लावला.

"अगं, ऐकू येतंय का?"

"येतंय. फोन बंद केलात तरी येईल."

सगळ्यांना चहा झाला. साडूंनीसुद्धा मोकळ्या मनाने मान्य केलं की यांच्या कामात काहीतरी असावं. गच्चीचं दार उघडं राहिल्याने धूळ घरात आली होती आणि साडूंचं नाक लाल व्हायला लागलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वरच्या मजल्यावर सामान सरकवल्याचे आवाज येत होते. मग ते थांबले, आणि काटेकोरांचा फोन वाजला.

"काटेकोर?"

"बोला, सर!"

"वा. घंटेसारखा आवाज येतोय. कुठे आहात?"

इथे खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण तुमच्याच पायाखालच्या मजल्यावर साडूंच्या सोफ्यावर बसलोय, हे भावी साहेबाला शोभणारं उत्तर काटेकोरांना वाटेना.

"केंद्रात, सर. पडद्यापुढेच बसून आहे. रविवार असला तरी."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"शाब्बास. तर मी काय म्हणतो, पत्राचा मसुदा माझ्यापुढे आहे. त्यात मी तुमचं..."

साडूंनी नाक दाबलं. तोंड दाबलं. मेहुणीने वरून उशी दाबली. पण जे यायचं ते आलं. कपाट जिन्यावरून खाली आलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं.



"काटेकोर," मोठेसाहेब सावकाश म्हणाले, "ही शिंक मला दोनदा ऐकू आली. आधी खिडकीतून, मग फोनमधून."

फोनमधली शिंक मागून येणं तांत्रिकदृष्ट्या किती रास्त आहे, हे काटेकोरांच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलायच्या आत फोन गेला. नुसता तुटला नाही, गेला. साडूंचा गेला, मेहुणीचा गेला, गच्चीवरचा टॉवरच मेल्यासारखा गप्प झाला. कारण त्याच घटकेला रस्त्याकडेच्या पेटीत मिस्त्रीने रिळाचं टोक कापलं होतं.

पुढची काही मिनिटं काटेकोर लॅपटॉपवर इकडून तिकडे बोटं आपटत होते. मग फोन परत जिवंत झाला, वाजला, आणि त्यातून मोठेसाहेब म्हणाले, "काटे... शिं... खरं... कुठ..."

काटेकोर पांढरेफटक पडले. रीळ असताना अडीच तुकडे एका बाजूला चूक होती. ती त्यांनी आकडा भरून घालवली. आता मिस्त्रीने रीळच काढलं, आकडा मात्र तसाच राहिला. चूक पुन्हा अडीच तुकडे, फक्त दुसऱ्या बाजूला. एका आजारावर दोघांनी वेगवेगळं औषध दिलं होतं, आणि दोन्ही लागू पडली होती.

"सर, एक मिनिट, सर!" काटेकोर फोनमध्ये ओरडले.

"फोन ठेवा!" वरच्या खिडकीतून स्वच्छ आवाज आला. "तो बंद केलात की जास्त चांगलं ऐकू येतं. येतोच मी खाली!"

जिन्यावर दोन बाजूंनी पावलं वाजली. वरून मोठेसाहेब उतरले आणि खालून मिस्त्री चढला. दोघे साडूंच्या दारात एकदमच पोचले. मिस्त्रीच्या हातात, पॉलिथिनसकट, रीळ होतं. मोठ्यासाहेबांना त्याने ओळखलं नाही; त्याने सरळ काटेकोरांपुढे जाऊन रीळ दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि पत्रकात लिहिल्याप्रमाणे समोर उभं राहून तोंडी सांगायला लागला.

"साहेब, हे उरलं. का उरलं, तर लागला हातभर. आणून दिलं असतं, पण तुम्ही समजावून सांगायला लावता, आणि मला तेवढं बोलता येत नाही. म्हणून जोडून टाकलं होतं. तुम्ही सकाळी ओरडलात म्हणून काढलं. आता जाऊ?"

"मी कुठे काढ म्हणालो?" काटेकोर म्हणाले. त्यांचा आवाज साडूंच्या फोनसारखा यायला लागला होता.

"ठेव असंही नाही म्हणालात, साहेब."

मोठ्यासाहेबांनी रीळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "असं बाकीचेही करतात?"

"दुसऱ्यांचं मी कसं सांगू?" मिस्त्री घुटमळला. "पण ते माझ्यापेक्षा हुशार. ते दोन्ही धाग्यांत निम्मं निम्मं घालतात. दिसायला बरं दिसतं."

जाणं तेवढंच येणं. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पत्रक निघाल्यापासून शहरातल्या कितीतरी पेट्यांत लोकांची बोलणी किलोमीटर किलोमीटर गरगर फिरून मग मुक्कामाला पोचत होती, आणि काटेकोरांचं शून्य त्या वेढ्यांवर ऐटीत बसलं होतं.

"केंद्रातला पडदा मात्र छान आहे हं तुमचा," मोठेसाहेब साडूंच्या टीव्हीकडे बघत म्हणाले. साडूंनी आनंदाने त्याची किंमत सांगितली.

काटेकोरांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि आपला आकडा पुसला. त्या क्षणी मेहुणीचा फोन वाजला, तिने उचलला आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज घरभर खणखणीत ऐकू आला: "काय गं, मघाशी जावईबापू शिंकले का? तुझा फोन चुकून लागला होता आणि कुणीच बोलत नव्हतं. मला वाटलं भिंत पडली."

आता शेवटची मांडामांड.

सोमवारी पत्र गेलं. काटेकोरांचं नाव त्यात होतं, पण नावाच्या पुढे 'प्रभारी' हा शब्द बसला होता, आणि तो शहरातलं शेवटचं रीळ पेटीतून निघेपर्यंत तिथून हलणार नव्हता. रिळं निघायला लागली. भांडारवाल्याने जागा नाही म्हणून हात वर केले, तेव्हा ती साहेबांच्या खोलीत आली. खिडकीची खोली मिळाली ती अशी: खिडकी अर्ध्यापर्यंत रिळांनी झाकलेली. उंच पाठीच्या खुर्चीवर चेंगरलेल्या धाग्यांचे तुकडे, कारण ते जमिनीवर ठेवले तर पायात घुसतात. स्वच्छतागृहाचं दार आतल्या बाजूने उघडत असतं तर गोष्ट वेगळी होती; ते बाहेर उघडतं, आणि बाहेर रिळं आहेत. तेव्हा काटेकोर पूर्वीसारखेच कॉरिडॉरच्या टोकाला जातात आणि कुणीतरी "झालं का?" विचारतं, आता पुढे "साहेब" लावतं एवढाच फरक. गाडी मिळाली, ड्रायव्हरही मिळाला, पण ती दिवसभर पेट्यापेट्यांतून रिळं गोळा करत फिरते. दार उघडून धरतात ते रिळांसाठी.

प्रत्येक मिस्त्री रीळ घेऊन येतो आणि पत्रकाप्रमाणे का उरलं ते समोर उभं राहून समजावून सांगतो. त्यांना बोलायची आता चटक लागलीये. सकाळी आलेला मिस्त्री जेवणाची सुट्टी संपल्याशिवाय सोडत नाही. पत्रक रद्द करायचा अधिकार प्रभारी माणसाला नसतो.

मोठेसाहेब चौथ्या मजल्यावर सुखात आहेत. साडूंशी त्यांचं चांगलं जमलंय. साडूंचा फोन आता घंटेसारखा वाजतो, म्हणून ते तक्रार सांगायला येत नाहीत. सासूबाईंना मात्र त्यांनी रविवारची हकिकत त्याच फोनवरून, न तुटता, सलग तासभर ऐकवली. तिथे जेवायला गेल्यावर काटेकोरांनी "आता जरा जबाबदारी..." एवढं म्हणायचा अवकाश, की सासूबाई पदर तोंडाला लावतात. जास्तीची वाढणी अजून साडूंच्याच ताटात जाते.

जमेच्या बाजूला एकटी बायको राहिली. ऑफिसची गाडी रिळांना आणि घरची गाडी दुरुस्तीला, म्हणून आईकडे जाताना आता साडूंच्याच गाडीतून जावं लागतं. साडू वाटेत कुठेही थांबत नाहीत. मागच्या सीटवर काटेकोर चप्पल धडधाकट असल्यासारखे गप्प बसून असतात, आणि बायको मनगटावरच्या घड्याळात बघते. जायला पाऊण तास. यायला पाऊण तास.

नुकसानीच्या बाजूचं बाकी सगळं काटेकोरांनी भरलं.